मे महिन्यात लॉनवर रिसेप्शन आणि तीन थरांचा केक: आखणीपासून कापण्यापर्यंत

उन्हाळ्यात लॉनवर केक कोसळला की दोष बहुतेकदा कृतीवर जातो. क्रीम चांगलं नव्हतं, गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) पातळ झालं, फॉन्डंट (लाटून केकवर चढवायचं साखरेचं आवरण) हलक्या प्रतीचं होतं. बहुतेक वेळा खरं कारण वेगळं असतं: केक गरजेपेक्षा दीड-दोन तास आधी बाहेर मांडलेला असतो. जवळजवळ कोणतंही खाण्याजोगं कोटिंग अडतीस अंशांत तीन तास उभं राहत नाही. म्हणून या लेखात कृतीइतकीच जागा घड्याळाला दिली आहे.

हिशेब सोपा जावा म्हणून एकच उदाहरण धरू: शनिवारी संध्याकाळी लॉनवर रिसेप्शन, १०, ८ आणि ६ इंचांचे तीन गोल थर, प्रत्येक थर ४ इंच उंच. गनाश आणि फॉन्डंटसकट असा केक साधारण ९ ते १० किलो भरतो. मुख्य केक घरच्या ओव्हनमध्ये करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

१. आधी लॉन पाहा, मग डिझाइन ठरवा (तीन-चार आठवडे आधी)

ऑर्डर घेताना फोटो पाहून होकार देऊ नका. रिसेप्शनच्या वेळेलाच, म्हणजे संध्याकाळी सहा-सातला, लॉनवर जाऊन या. पुण्या-मुंबईकडे मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसहाला केकच्या टेबलावर तिरपं ऊन येऊ शकतं. सकाळी अकराला जाऊन हे कळणार नाही.

तिथे या गोष्टी विचारून घ्या:

- केक ठेवायला एसी खोली कोणती? बहुतेक लॉनवर वधूची खोली हाच एकमेव एसी असतो. ती दिवसभर उघडी-बंद होत असते, याचाही अंदाज घ्या.
- वीज गेली तर जनरेटरवर काय चालतं? बऱ्याच ठिकाणी जनरेटरवर फक्त दिवे आणि साउंड असतो, एसी नसतो. हे आधी कळलं तर बर्फाचे पॅक जास्त आणता येतात.
- फवाऱ्याचे पंखे किंवा मोठे कूलर कुठे लावणार? पाहुण्यांना ते सुखाचे असतात, पण त्यातून उडणारं बारीक पाणी फॉन्डंटवर बसलं की पृष्ठभाग चिकट होतो आणि रंग ओघळतो.
- वळवाचा पाऊस आला तर सगळा कार्यक्रम कुठे हलवणार?

दुसरी चौकशी त्याहून महत्त्वाची: केक किती वाजता कापायचा? आपल्याकडे रिसेप्शनला जोडपं स्टेजवर गेलं की भेटणाऱ्यांची रांग लागते, आणि ती रांग दोन तास हलत नाही. केक त्या रांगेनंतर ठेवला असेल तर तो तोवर वितळलेला असतो. घरच्यांना हे समजावून सांगा आणि केक रांगेआधी, जोडपं स्टेजवर आल्या आल्या कापायचं ठरवून घ्या. मग घरातल्या एका माणसाचा नंबर घ्या. वधूचा नको, तिला त्या दिवशी फोन घ्यायला सवड नसते. चुलत भाऊ, मावशी, कोणीही चालेल, पण निर्णय घेऊ शकेल असं माणूस हवं.

सावध: केक कापण्याची वेळ पक्की होत नसेल आणि केक संध्याकाळभर शोभेला मांडून ठेवायचा आग्रह असेल, तर वरचा एकच थर खरा आणि खालचे दोन डमी, म्हणजे आत केक नसलेले दिखाऊ थर, करा. खायचा केक आत फ्रिजमध्ये, साध्या चौकोनी ट्रेमध्ये. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तेव्हा डमी पातळ प्लायच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या डब्यांचे करून घ्या. ते पुन्हा वापरताही येतात.

२. तुमचं ऊन दमट आहे की कोरडं?

वसई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा इथे पारा तेहतीस-चौतीसला थांबतो, पण हवेत ओल असते. नागपूर, अमरावती, जळगावकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. पुणे, नाशिक मधे कुठेतरी. एका ठिकाणची युक्ती दुसरीकडे चालत नाही.

किनाऱ्यावर शत्रू घाम आहे. फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटवर हवेतली वाफ गार होऊन थेंब बसतात, साखर विरघळते आणि केक चिकट दिसतो. विदर्भ-खानदेशात थेंब कमी, पण फॉन्डंट लाटतानाच सुकून त्याला चिरा जातात आणि आतलं स्निग्ध मात्र झपाट्याने मऊ पडतं. पुढच्या टप्प्यांत जिथे दोन वेगळे सल्ले दिसतील तिथे हे कारण आहे.

३. कोटिंग निवडा

व्हिप क्रीम: नाही. डेअरी असो वा नॉन-डेअरी, तिशी ओलांडली की ते सुटायला लागतं. ग्राहक हलकं क्रीमच मागत असेल तर लॉनवरचा केक गनाशचा आणि ताटात वाढायचा केक क्रीमचा, असं सुचवा.

बटरक्रीम: लोणी ३२ ते ३५ अंशांत वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ होतं. निम्मं लोणी काढून शॉर्टनिंग (घट्ट वनस्पती तूप) घातलं तर थोडी सवलत मिळते, पण टाळूला चिकटणारी चव येते. संध्याकाळी गार पडणाऱ्या जागी, महाबळेश्वर-पाचगणीकडे, चालेल. इतरत्र माझं मत विरोधात आहे.

गनाशवर फॉन्डंट: उन्हाळ्यासाठी हीच जोडी घ्या. गनाशही तिशीच्या आसपास मऊ होऊ लागतं, पण बाहेरचं फॉन्डंटचं कवच त्याला धरून ठेवतं. सकाळी पूर्ण गार केलेला असा केक लॉनवर पाऊण तास नीट उभा राहतो.

प्रमाण वजनावर घ्या. हिवाळ्यात डार्क चॉकलेट आणि क्रीम २:१ चालतं. मे महिन्यात ३:१ घ्या. व्हाइट चॉकलेटला ४:१. टेट्रापॅकमधल्या क्रीममध्ये २५ टक्केच स्निग्धांश असतो, बाकी बहुतांश पाणी, म्हणून इथे हात सैल सोडू नका. तिन्ही थरांचं भरण आणि बाहेरचा लेप मिळून साधारण ३ किलो गनाश लागतं: सव्वादोन किलो डार्क चॉकलेट, पाऊण किलो क्रीम.

सावध: पैसे वाचवायला कुव्हर्चर (कोको बटर असलेलं अस्सल चॉकलेट) आणि कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरं स्निग्ध घातलेलं स्वस्त चॉकलेट) एकत्र वितळवण्याची सवय अनेकांना आहे. कंपाउंडमध्ये बहुधा पाम कर्नलचं स्निग्ध असतं. ते कोको बटरशी जुळत नाही. मिश्रण दोन्हींपेक्षा मऊ पडतं. एक तर पूर्ण कुव्हर्चर, नाही तर पूर्ण कंपाउंड. कंपाउंड चवीला मेणचट, पण उन्हात जरा जास्त तग धरतं. नागपूरला मेच्या तिसऱ्या आठवड्यात रिसेप्शन असेल तर बाहेरच्या लेपाला कंपाउंड आणि आतल्या भरणाला कुव्हर्चर, अशी वाटणी करता येते. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत.

४. गच्चीवरची चाचणी (दोन आठवडे आधी)

हा टप्पा सगळे गाळतात. चार इंचांचा छोटा केक करा, ठरलेलं गनाश आणि फॉन्डंट लावा, रात्रभर गार करा आणि रिसेप्शनच्याच वेळेला गच्चीत किंवा अंगणात सावलीत ठेवा. दर पंधरा मिनिटांनी फोटो काढा. कडा गोल पडायला लागल्या, तळाशी फॉन्डंटला पोट सुटलं, की ती वेळ लिहून ठेवा. त्यातून पंधरा मिनिटं वजा करा. उरलेली मिनिटं म्हणजे तुमच्या केकची बाहेरची मुदत. ग्राहकाला तोच आकडा सांगा.

मुदत अर्ध्या तासापेक्षा कमी आली तर प्रमाण बदलून पुन्हा चाचणी घ्या, किंवा आधी सांगितलेला डमीचा मार्ग धरा.

५. स्पंज (बुधवार)

तेल घातलेला स्पंज गार झाल्यावरही मऊ राहतो, लोण्याचा घट्ट होतो. आपला केक फ्रिजमधून थेट बाहेर येणार असल्याने तेलाची कृती घ्या. एगलेस मागणी असेल तर दही-तेलाची कृती चालते, पण फार जाळीदार नको; वरच्या थरांखाली ती दबते. एका थरासाठी चार पातळ स्पंज भाजा. एक उंच स्पंज भाजून कापण्यापेक्षा हे सोपं आणि सपाट येतं.

पूर्ण निवल्यावर क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. ताजा स्पंज लगेच भरायला घेतला तर तो कापताना चुरतो आणि नंतर खाली बसतो.

सावध: स्पंज साखरपाण्यात चिंब करण्याची रीत या केकला घातक आहे. ओला स्पंज वजनाखाली दबतो, बाजूंनी पाणी सोडतो, गनाश सुटतं. ब्रशचा एकच हात फिरवा.

६. भरण आणि गनाशचा लेप (गुरुवार)

मे महिना म्हटल्यावर आंब्याची मागणी येणारच. ताज्या हापूसच्या फोडी थरांत घालू नका, त्यांना काही तासांत पाणी सुटतं. आमरस मंद आचेवर, सतत ढवळत, मूळच्या एक तृतीयांश होईपर्यंत आटवा. चमच्यातून पडताना गोळा राहिला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर व्हाइट गनाशमध्ये मिसळा: एक किलो गनाशला १५० ग्रॅम पुरे. आटवलेल्या रसाचं पाणी धरून गनाश ४:१ पेक्षा थोडं घट्टच ठेवा.

गनाश करताना चॉकलेट बारीक चिरा, क्रीमच्या कडेला बुडबुडे आले की ओता, चार मिनिटं हात लावू नका, मग मधोमध ढवळायला सुरुवात करून बाहेर या. व्हाइट चॉकलेटच्या ४:१ मध्ये क्रीमची उष्णता पुरत नाही; चॉकलेट आधी अर्धवट वितळवून घ्या. "रात्रभर बाहेर ठेवा" ही सूचना थंड हवेच्या देशांतली आहे. आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात ते घट्टच होत नाही. एसी खोलीत २२ ते २४ अंशांत ठेवा, किंवा फ्रिजमध्ये ठेवून दर दहा मिनिटांनी ढवळा. लावण्याजोगं गनाश चक्क्याइतकं घट्ट हवं.

आधी पातळ हात द्या, अर्धा तास गार करा, मग ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा दुसरा लेप. स्क्रेपरने कडा काटकोनात आणा. हा जाड लेपच केकचा सांगाडा आहे, इथे कंजुषी नको. प्रत्येक थर त्याच मापाच्या स्वतःच्या बोर्डवर असू द्या.

तपासा: गार झालेल्या थराच्या बाजूवर बोट दाबा. खळ पडली तर अजून गार करा. फॉन्डंट लावायची घाई नको.

७. फॉन्डंट (शुक्रवार)

आदल्या दिवशी दर ५०० ग्रॅम फॉन्डंटला एक चहाचा चमचा सीएमसी पावडर (फॉन्डंटला घट्टपणा देणारी) मळून, गुंडाळून ठेवा. तीन थरांना मिळून साधारण अडीच किलो लागतं. ४ ते ५ मिलिमीटर जाड लाटा. किनाऱ्यावर कॉर्नफ्लोरवर, कोरड्या भागात ओट्याला किंचित शॉर्टनिंगचा हात लावून. गनाशवर साखरपाण्याचा अगदी पातळ ब्रश फिरवला की फॉन्डंट चिकटतं. एसी खोलीतच काम करा. गरम हातांनी फार कुरवाळलं तर बोटांचे ठसे उमटतात.

रंगाबद्दल: गडद लाल, मरून आणि काळा हे रंग घाम आला की ओघळतात. शालूच्या रंगाचा केक हवा असेल तर पायाचा रंग फिका ठेवा आणि गडद रंग वेगळ्या सुकवलेल्या नक्षीत आणा. सोनेरी पावडर घेताना डबीवर "खाण्यायोग्य" लिहिलेलं पाहा. नुसतं "बिनविषारी" लिहिलेली पावडर सजावटीची असते, खायची नव्हे.

रात्री कुठे ठेवायचा? कोरड्या भागात प्रत्येक थर पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून, खोक्यालाही क्लिंग फिल्म गुंडाळून फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर थेंब खोक्यावर बसतात, केकवर नाही. किनाऱ्यावर आत फक्त डार्क गनाश असेल तर एसी खोलीत २० अंशांवर ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. आंब्याचं भरण असेल तर मात्र फ्रिजच, आणि खोकं बंदच.

८. आधार आणि रचना (शनिवार सकाळ)

गरमीत स्पंज मऊ पडणार हे गृहीत धरा. वरचं वजन स्पंजवर न येता काठ्यांवर यायला हवं. खालच्या १० इंची थरात सहा आणि मधल्या ८ इंची थरात चार-पाच जाड स्ट्रॉ किंवा ८ मिलिमीटरच्या लाकडी काठ्या उभ्या घाला. एक काठी घालून उंचीची खूण करा, बाहेर काढा, बाकी सगळ्या त्याच मापाने कापा. प्रत्येक काठी वेगळी मोजली की एखादी दोन मिलिमीटर कमी भरते आणि केक तिकडे झुकतो.

सगळ्यात खाली १४ इंचांचा, १२ मिलिमीटर जाड बोर्ड. पातळ सोनेरी पुठ्ठा दहा किलोंखाली वाकतो, आणि तो वाकला की फॉन्डंटला तडा जातो.

रस्ता अर्ध्या तासापेक्षा जास्त असेल किंवा वाटेत घाट असेल, तर थर वेगळे न्या आणि लॉनच्या एसी खोलीत रचा. जवळ असेल तर खालचे दोन रचून, मधून टोकदार केलेली एक लांब काठी तळाच्या बोर्डपर्यंत ठोकून न्या. वरचा थर तिथे ठेवा.

९. वाहतूक

केक निघण्याआधी वीस मिनिटं गाडी सावलीत लावून एसी पूर्ण सुरू ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून मग एसी लावला तर पहिली दहा मिनिटंच घात करतात. केक सीटवर ठेवू नका, ती मागे उतरती असते. मागची सीट पाडून सपाट जागा करा, खाली रबरी जाळीची चटई घाला. खोक्याबाहेर जेल पॅक लावा, आत नको. ड्राय आइस बंद गाडीत नेऊ नका, त्याचा वायू कोंडतो.

मांडीवर केक घेऊन बसणाऱ्या नातेवाइकांना प्रेमाने नकार द्या.

सोबतची पिशवी: अर्धा किलो गनाश, फॉन्डंटचा एक गोळा, दोन जादा काठ्या, कोनात भरलेलं वितळवलेलं चॉकलेट, पॅलेट नाइफ, कात्री, मलमलच्या पुरचुंडीत कॉर्नफ्लोर, टिश्यू, हातमोजे, स्पिरिट लेव्हल, टेप, टॉर्च आणि केक कापायची चांगली सुरी. शेवटची वस्तू लॉनवाल्यांकडे असेल असं समजू नका.

१०. लॉनवर

पोहोचल्यावर केक सरळ एसी खोलीत. खोकी तिथेच उघडा, पंख्यासमोर अर्धा तास ठेवा. थेंब आले तर पुसू नका, बोट लावू नका; वाऱ्याने ते आपोआप सुकतात. पुसलं की डाग कायमचा. रचना पूर्ण झाली की जवळून काढायचे सगळे फोटो फोटोग्राफरला इथेच काढायला सांगा.

तोवर बाहेर टेबल लावून घ्या. गवतात पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली प्लायचा तुकडा. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत; टेबलाच्या झालरीत त्या दिसतही नाहीत, मात्र झालर पाण्यात बुडणार नाही किंवा जमिनीला टेकणार नाही इतकी आखूड हवी. हॅलोजनचे फोकस टेबलापासून दूर वळवा. एलईडीची अडचण नाही. फवाऱ्याचा पंखा त्या दिशेला नको.

फुलं लावायची असतील तर ती कुठून आली हे विचारा. बाजारातल्या गुलाबांवर बहुधा फवारणी झालेली असते, त्यामुळे देठ फॉइलमध्ये गुंडाळून, स्ट्रॉमध्ये खोचून लावा. कण्हेर विषारी आहे, चाफ्याला चीक असतो. दोन्ही केकवर नकोत. डेकोरेटरचा माणूस परस्पर फुलं खोचून जातो, त्याला आधीच सांगून ठेवा.

दुपारपासून हवामान खात्याचा तीन तासांचा इशारा पाहत राहा. वळवाआधीचा वारा पावसाच्या आधी येतो आणि धूळ घेऊन येतो, तेव्हा ढग दाटले की केक बाहेर काढूच नका. मंडपात किंवा हॉलमध्ये कापू द्या.

तपासा: बाहेर काढण्याआधी ठरलेल्या माणसाला फोन करा. जोडपं तयार आहे का, असं विचारू नका, ते कुठे उभं आहे ते विचारा. स्टेजच्या पायऱ्यांशी असेल तरच केक हलवा. कापण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एवढंच बाहेर. दोघांनी तळाचा बोर्ड धरून चालायचं, तिसऱ्याने पुढे वाट मोकळी करायची.

११. कापणं आणि वाटप

जोडप्याला मधला किंवा खालचा थर कापायला सांगा, आणि जिथे काठी नाही ती जागा आधीच एका फुलाने किंवा मोत्याने खुणावून ठेवा. सुरी काठीला अडली की जोर लावला जातो आणि केक हलतो. कारंजासारख्या ठिणग्या उडवणारी मेणबत्ती केकवर लावू देऊ नका, तिची राख फॉन्डंटवर पडते.

घास भरवून झाले की केक लगेच आत न्या. वरून खाली एकेक थर उतरवा, काठ्या आणि स्ट्रॉ मोजून बाहेर काढा. घातलेल्या आणि काढलेल्या जुळल्या पाहिजेत, कारण तुटलेला तुकडा कोणाच्या ताटात जाता कामा नये. १ बाय २ इंचांचे तुकडे केले तर तिन्ही थर मिळून सत्तर-पंचाहत्तर जणांना पुरतात. पाचशे माणसांचं रिसेप्शन असेल तर उरलेल्यांसाठी ट्रेचे केक आधीपासून आत तयार हवेत, तीच चव, तेच भरण.

बाहेर ३२ अंशांच्या वर एक तासाहून जास्त राहिलेला दूध-क्रीमचा केक घरी बांधून देऊ नका, कोणी कितीही मागितला तरी. आतल्या फ्रिजमधला बांधून द्या. निघताना बोर्ड, काठ्या, डमी आणि सुरी तुमच्या पिशवीत परत आल्याची खात्री करा. लॉनवाले रात्री अकरानंतर सगळं एकत्र झाडून टाकतात.